उभी बाटली, आडवी बाटली आणि डब्लिनचा काळा पेला

(वणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर लागला त्या दिवसापासून मला बरेच फोन आले. एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, ‘सर, ह्यूम-कांट संपले काय?’ दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ‘पोरगा सप्टेंबरात डब्लिनला एम.एस.ला चालला. काय प्यावं न काय पिऊ नये तेवढं सांगा, तत्त्वज्ञान राहू द्या.’ आणि एका बाईंनी फोनवर एवढंच म्हटलं, ‘सर, तुम्हीसुद्धा?’ या तिघांनाही आज उत्तर द्यायचं आहे. तिसरं सगळ्यात अवघड आहे, म्हणून ते शेवटाला ठेवत नाही, मधेच घेईन. अवघड प्रश्न शेवटी ठेवला की वेळ संपतो आणि वक्ता सुटतो, हे मी चाळीस वर्षं वर्गात पाहिलं आहे.

माझी मुलगी आणि जावई डब्लिनला असतात. दोन खेपा मिळून साडेचार महिने मी तिथे राहिलो. रक्तदाबाची गोळी चालू, त्यामुळे आठवड्यातून दोनदा अर्धा पाइंट, त्यापुढे थेंब नाही, असा मुलीचा दंडक होता. तेव्हा मी जे सांगणार ते अर्ध्या-अर्ध्या पेल्यांच्या आधारावर. समीक्षेला तेवढं पुरतं. आख्खा पेला रिचवला की समीक्षक जातो आणि पिणारा उरतो.

पाइंटचा खुलासा आधीच करतो. आपल्याकडे पाइंट म्हटलं की ३३० मिलिलिटरची लहान बाटली येते. तिकडे पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्ध्या पाइंटला ते नुसतं ‘ग्लास’ म्हणतात. ज्यांचा मुलगा जातो आहे त्यांनी हे लिहून घ्या. इथल्या हिशोबानं ‘तीन पाइंट’ सांगणारा पोरगा तिथे पावणेदोन लिटरच्या आसपास पोचतो.

जाण्यापूर्वी जावयानं मला काही याद्या पाठवल्या होत्या. डब्लिनला गेलात तर या सात बियर चुकवू नका, या दहा चाखाच, अशा. मी त्या निबंध तपासावेत तशा वाचल्या. सातही बियरना ‘मलईदार’, सातही ठिकाणी ‘कॉफीची आणि चॉकलेटची छटा’, आणि सातही अवश्य पिण्याजोग्या. आता मला सांगा, ज्या लेखनात एकही नकार नाही ते लेखन समीक्षा कसं म्हणायचं? दिवाळी अंकाच्या परीक्षणात दहाच्या दहा कथा उत्कृष्ट निघाल्या तर आपण काय समजतो? परीक्षकानं अंक वाचला नाही, किंवा संपादक त्याचा मेहुणा आहे. शिवाय या याद्यांमध्ये पेय असतं, पण ते गाळणारा माणूस नसतो, त्याचा मालक नसतो आणि पिणाराही नसतो. मालकाचं तर बघाच. ‘आयरिश’ म्हणून ज्या नावांनी प्रवासी हरखून जातात त्यांपैकी गिनेस आणि स्मिदिक्स ही दोन्ही लंडनला मुख्यालय असलेल्या डियाजिओची, आणि कॉर्कच्या मर्फीज व बीमिश या दोन्ही ॲमस्टरडॅमच्या हाइनेकेनची. आपण हसायचं कारण नाही. किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमध्येही २०२१ पासून बहुमताचा वाटा हाइनेकेनचाच आहे. बाटलीवरचा पक्षी आपला, घरटं त्यांचं.

मराठीची एक गंमत मला या निमित्तानं जाणवली. आपली सगळी समीक्षेची परिभाषा जिभेवरून आलेली आहे. रस, रसिक, रसग्रहण, आस्वाद, रुची, अभिरुची, चव, गोडी. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना उदाहरण कशाचं दिलं? जेवणाचं. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न प्रसन्न मनाचा माणूस जसा आस्वादतो, तसा प्रेक्षक भाव आस्वादतो. म्हणजे साहित्यानं स्वयंपाकघरातून भांडी उसनी नेली, आणि परत केली नाहीत. आज आपण कवितेविषयी ‘आस्वादक समीक्षा’ म्हणतो, पण जिभेवर खरोखर काही पडलं तर आपल्याजवळ ‘मस्त’, ‘भारी’ आणि ‘एक नंबर’ याखेरीज शब्द नसतात. पेयाचं तर विचारूच नका. आपल्या भागात बियरविषयी एकच समीक्षात्मक प्रश्न आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे: ‘चढते का?’ या प्रश्नाकडे मी परत येणार आहे. आधी पेल्याकडे वळतो, नाहीतर दुसरे गृहस्थ उठून जातील.

गिनेस. आर्थर गिनेस यांनी १७५९ साली डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटवरची एक बंद पडलेली भट्टी भाड्यानं घेतली. वर्षाला ४५ पौंड, आणि करार ९००० वर्षांचा. आपल्याकडे ९९ वर्षांचा पट्टा झाला तरी नातवंडं कोर्टात जातात. ही बियर काळी का? भाजलेल्या जवामुळे. जव मोडवून, सुकवून जो माल्ट करतात तो वेगळा. त्याखेरीज यात न मोडवलेला जव कॉफीच्या बियांसारखा गडद भाजून घालतात. पेला खिडकीच्या उजेडात धरा, काळा दिसत नाही, माणकासारखा गर्द लाल दिसतो. लिफी नदीच्या पाण्याची ही करामत, असं टॅक्सीवाले सांगतात. तसं नाही. पाणी विकलोच्या डोंगरांतून येतं.

आता चव. पहिला घोट घेताना ओठांना आधी फेस लागतो, आणि तो फेस साबणाच्या फेसासारखा पोकळ नसतो, दुधावरच्या जाड सायीसारखा असतो. मग खाली करपट कडवटपणा. कारल्याचा कडू नव्हे, मेथीचाही नव्हे. ज्वारीची भाकर तव्यावर जरा जास्त राहिली की पापुद्र्याला जो काळा डाग पडतो, तो डाग खाल्ल्यासारखा. त्यात हलकी तुरट ओढ, अगदी किंचित आंबूस. पहिला घोट खरोखर मोठा असतो, हे मी नाकारत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या घोटाला माझ्या लक्षात आलं की फेस काढला तर खालचं पेय बऱ्यापैकी सपक आहे. गिनेसची थोरवी चवीत कमी आणि स्पर्शात जास्त आहे. ती जिभेपेक्षा ओठांना कळते.

याला कारण आहे. हा फेस १७५९ चा नाही, १९५९ चा आहे. मायकेल ॲश नावाचा गणिताचा माणूस कंपनीत होता. त्यानं कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन वापरून बियर पिंपातून ओतण्याची रीत बसवली. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक होतात, म्हणून साय येते. आणि कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून जिभेला टोचणी कमी. ज्याला लोक अडीचशे वर्षांची परंपरा समजून डोळे मिटून पितात, ती माझ्याहून थोडी धाकटी आहे. पेला दोन टप्प्यांत भरायचा आणि त्याला ११९.५ सेकंद लागतात, असंही कंपनी सांगते. वरचा अर्धा सेकंद कोणत्या शास्त्रातून आला ते विचारू नका, तो जाहिरातशास्त्रातून आला आहे. पण पेल्यात बुडबुडे वर न जाता खाली जाताना दिसतात, तो मात्र जाहिरातीचा भाग नाही. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये त्याचा उलगडा केला. पेला खाली निमुळता असल्यामुळे काचेलगत बुडबुडे विरळ होतात, तिथला द्रव जड होऊन खाली उतरतो आणि लहान बुडबुड्यांना सोबत ओढून नेतो. मध्यभागी ते वरच जात असतात, आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

या भट्टीचं जगावर एक उपकार आहे आणि त्याचा बियरशी थेट संबंध नाही. विल्यम गॉसेट हा तिथला रसायन आणि गणित शिकलेला कर्मचारी. जवाचे वाण तपासायचे, पण नमुने थोडे. थोड्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष काढायचा कसा? त्यानं रीत शोधली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापली, कारण कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती. तीच टी-चाचणी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कापसाच्या दोन वाणांची तुलना करणारा आपला विद्यार्थी जी चाचणी लावतो, ती या काळ्या पेल्याच्या पोटातून आली आहे.

‘गिनेस आयर्लंडमध्येच चांगली लागते’ असं सगळे म्हणतात. २०११ मध्ये चार संशोधकांनी याचा छडा लावायचा प्रयत्न केला. वर्षभरात १४ देशांतल्या ३३ शहरांत ७१ पब पालथे घातले. शंभरपैकी आयर्लंडात सरासरी ७४ गुण, बाहेर ५७. पबच्या वातावरणाचा परिणाम वजा करूनही फरक उरतो, असं त्यांचं म्हणणं. मी फक्त एवढंच म्हणेन की चाखणाऱ्याला आपण कुठे बसलो आहोत हे माहीत होतं. पंढरपूरच्या चुरमुऱ्यांना घरच्या चुरमुऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळणार नाहीत तर काय? ह्यूमनं १७५७ च्या आपल्या निबंधात सांको पांझाच्या दोन नातेवाइकांची गोष्ट वापरली आहे. वाईनचं पिंप चाखून एक म्हणाला चामड्याची चव लागते, दुसरा म्हणाला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेली किल्ली निघाली. या गोष्टीचं मर्म लोक विसरतात. त्या दोघांना तळाशी काय आहे हे आधी माहीत नव्हतं. गिनेस पिणाऱ्या प्रवाशाला आधीच सगळं माहीत असतं. तो किल्ली पाहून लोखंडाची चव सांगतो.

बाकीच्या बियर भरभर सांगतो. कॉर्कची मर्फीज १८५६ पासूनची, गिनेसपेक्षा मऊ आणि गुळचट. बीमिश १७९२ ची, मर्फीजपेक्षा कडू आणि जरा खरखरीत, मला ती जास्त प्रामाणिक वाटली. तिची मूळ भट्टी २००९ मध्ये बंद झाली, आता ती मर्फीजच्याच भट्टीत तयार होते. दोन भांडखोर जावा एका चुलीवर आल्या. पण काळ्या बियरमध्ये एकच निवडा असं कुणी म्हटलं तर मी कार्लोच्या ओ’हाराजचं नाव घेईन. १९९६ मध्ये सुरू झालेली घरगुती मालकीची भट्टी. हिच्यात फेसाच्या खालीसुद्धा काही आहे. भाजका जव ठळक, शेवटाला सडेतोड कडू, आणि घोट उतरल्यावर मिनिटभर जिभेवर जवस-चटणीसारखी खमंग आठवण राहते. गॉलवे हुकर, २००६ ची, सोनेरी. हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा वास तिच्यात वर येतो, लिंबाच्या पानासारखा. उन्हाळ्यातली आहे, पण आयर्लंडात उन्हाळा कुठला.

स्मिदिक्सपाशी मात्र मी जरा थांबलो. ही लाल एल, मूळ किल्केनीची, आणि तिच्यावर साल छापलेलं असतं १७१०. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला १७१० म्हटलं की काय आठवतं? त्याच साली डब्लिनमध्ये जॉर्ज बर्कलींचा मानवी ज्ञानाच्या मूलतत्त्वांवरचा ग्रंथ छापला गेला. आणि बर्कली कुठले? किल्केनी परगण्यातले, शाळाही किल्केनीचीच. असणं म्हणजे अनुभवलं जाणं, असं म्हणणारा हा माणूस. पुढे संवादांमध्ये त्यांनी जिभेचाच दाखला दिला: एरवी गोड लागणारी वस्तू आजाऱ्याला कडू लागते, मग गोडी वस्तूत आहे की जिभेत? गंमत अशी की हेच बर्कली बिशप झाल्यावर डांबर भिजवलेलं पाणी सर्व रोगांवर औषध म्हणून सांगू लागले आणि १७४४ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे पेयाच्या बाबतीत तत्त्वज्ञांचा सल्ला कितपत घ्यावा, हे तुम्हीच ठरवा. स्मिदिक्सची चव? माल्टची गोडसर, बिस्किटासारखी, कुणालाही न दुखावणारी. बियरमधलं साधं वरण. वरणाला मी नावं ठेवत नाही, पण वरण प्यायला कुणी विमानानं जाऊ नये.

माळकरी घरातल्या मुलांसाठी एक सूचना. बियर नितळ करण्यासाठी माशाच्या पोटातला वाळवलेला फुगा वापरायची जुनी पद्धत आहे. गिनेसनं ती पिंपातल्या बियरसाठी २०१६ मध्ये सोडली, पुढे बाटल्या-डब्यांसाठीही सोडली. पण पोर्टरहाउस, ज्यांनी १९९६ मध्ये डब्लिनच्या टेंपल बारमध्ये स्वतः गाळून विकायला सुरुवात केली, त्यांच्या ऑयस्टर स्टाउटमध्ये खरोखरीची कालवं पडतात. नाव नुसतं अलंकारिक नाही. विचारून घ्यावं.

आता तिसरा फोन.

‘तुम्हीसुद्धा?’ या दोन शब्दांमागे काय आहे ते या सभागृहात समजावून सांगावं लागत नाही, पण हे व्याख्यान बाहेरही वाचलं जातं म्हणून सांगतो. आमच्या एका बाजूला वर्धा जिल्हा, १९७० च्या दशकापासून दारूबंद. पलीकडे गडचिरोली, १९९३ पासून. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर. तिथल्या बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर पायी गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवण्याचा निर्णय घेतला. मधली सहा वर्षं नदीच्या एका काठावर गुन्हा आणि दुसऱ्या काठावर दुकान अशी स्थिती होती. वरोऱ्याच्या रस्त्यावरच्या पुलानं त्या काळात काय काय पाहिलं ते त्यालाच ठाऊक. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, धरणं धरली. दुकान बंद करायचं तर महिलांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीकडे गेल्या तर दुकान जातं. झालेल्या मतांपैकी नव्हे, एकूण मतदारांपैकी. ज्या बाईला त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाही, तिचं न दिलेलं मत उभ्या बाटलीला जातं. असे आकडे आपल्या खासदार-आमदारांना लावले तर किती निवडून येतील, मोजा.

तर ज्या बाईंनी फोन केला त्यांनी हे मतदान केलेलं आहे. त्यांच्यासमोर मी फेस मलईदार की सपक याची चर्चा करतो आहे. हे अश्लील आहे का? प्रश्न खरा आहे.

कांटचं उत्तर सोपं आहे. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो, कॅनरी बेटांवरची वाईन चांगली आहे असं म्हणू नका, ‘मला’ चांगली लागते एवढंच म्हणा. सुखकर ते ज्याचं त्याचं; सुंदराचा दावा मात्र सगळ्यांवर असतो. म्हणजे पेयाची समीक्षा होऊच शकत नाही, विषय संपला. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तून कांट शिकलेल्या माझ्या पिढीला हे उत्तर तोंडपाठ आहे. मला ते पटत नाही. ओ’हाराजचा कडवटपणा आणि स्मिदिक्सचा गोडसरपणा यांविषयी मी तुमच्याशी वाद घालू शकतो, कारणं देऊ शकतो, तुम्ही चाखून मला खोडू शकता. जिथे कारणं देता येतात तिथे समीक्षा आहे. पण यानं बाईंच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. शक्य आहे, म्हणून करावी का?

माझं म्हणणं असं. आपल्या भागात दारूविषयी बोलण्याच्या दोनच पद्धती आहेत. एक कीर्तनाची, दुसरी कुजबुजीची. कीर्तनाला मी हलकं लेखत नाही. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले; त्यांनी दारूवर जे कोरडे ओढले ते पुस्तकातून आलेले नव्हते. आयर्लंडातही असाच एक माणूस झाला, फादर मॅथ्यू. १८३८ मध्ये कॉर्कला त्यांनी दारू सोडण्याच्या शपथा द्यायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत लाखोंनी शपथ घेतली. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर, ओ’कॉनेल स्ट्रीटवर, त्यांचा पुतळा आहे. प्रवाशांच्या एकाही यादीत तो नव्हता. मी त्याच्यापाशी उभा राहिलो, तर पायथ्याशी कुणीतरी बियरचा रिकामा डबा ठेवलेला. डबा उभा होता.

पण कीर्तन आणि कुजबुज यांच्यामध्ये काहीच नसलं की काय होतं? चवीचा प्रश्न विचारलाच जात नाही आणि ‘चढते का’ हा एकच निकष उरतो. मग बाजार त्या निकषाला वाहून घेतो. हिशोब करा. आपल्याकडच्या स्ट्राँग बियरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत झाला ५२ मिलिलिटर. गिनेस ४.२ टक्के, तिच्या मोठ्या पाइंटमध्ये सुमारे २४. म्हणजे काळीकुट्ट, भीतिदायक दिसणाऱ्या त्या पेल्यात आपल्या पिवळ्या बाटलीच्या निम्माही मद्यार्क नाही. आणि आपली स्ट्राँग चाखून पाहा. चाखून म्हणतो, ढोसून नव्हे. गुळचट, तळाशी उग्र, वास झाकण्यासाठी बर्फासारखी गार. ती चाखण्यासाठी केलेलीच नाही. हा नकार मी जाणीवपूर्वक देतो आहे: नवरा संध्याकाळी जे रिचवून येतो ते नीतीच्या आधी चवीच्याच कसोटीवर नापास आहे.

यावर बाई म्हणतील, म्हणजे चांगल्या चवीची पिऊन आला तर चालेल? नाही. चव माणसाला सुधारत नाही. डब्लिनमध्ये उत्तम चवीची बियर पिऊन रात्री फुटपाथवर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. आयर्लंडला हे ठाऊक आहे, म्हणून तर त्यांनी कायदे केले. इथे एक मराठी धागा येतो. लिओ वराडकर, ज्यांच्या डॉक्टर वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, ते २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारच्या काळात २०१८ या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याची १९२७ पासूनची सक्ती गेली. आणि मद्याच्या आरोग्यावरील परिणामांचा कायदा आला, ज्याखाली जानेवारी २०२२ पासून मद्यार्काच्या दर ग्रॅममागे किमान १० सेंट किंमत ठरली. म्हणजे धर्माची बंदी उठली आणि मापाची बंदी आली. त्या मापानं आपल्या ५२ मिलिलिटरच्या, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅमच्या बाटलीला तिथे चार युरो दहा सेंटच्या खाली विकता येणार नाही. जे जास्त चढतं ते आपोआप महाग. आपल्याकडे पिणारा रुपयामागे किती चढते ते पाहतो. तिथे सरकारनं तोच हिशोब उलटा फिरवला.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटली. गिनेसची बिनमद्याची आवृत्ती मिळते. आधी नेहमीची बियर करतात, मग थंड गाळणीनं मद्यार्क काढून घेतात. मुलीनं एकदा दोन पेले माझ्यासमोर ठेवले, कोणता कोणता ते न सांगता. फेस तोच, करपटपणा तोच. मला ओळखता आलं, पण तिसऱ्या घोटाला. घशात जी ऊब उतरते ती नव्हती आणि वास लवकर विरला. म्हणजे या पेल्यातली रसाची बाजू आणि नशेची बाजू बऱ्याच अंशी सुट्या करता येतात. तत्त्वज्ञानात आम्ही हे भेद कागदावर करतो; इथे तो गाळणीनं केलेला.

मोहाबद्दल बोलल्याशिवाय या गावातून उठता येणार नाही. मारेगाव-झरीकडे मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं पडतात, गोंड आणि कोलाम बायका ती वेचतात. वाळवलेलं फूल मनुक्यासारखं गोड, त्याची भाकर होते, लाडू होतात. त्याची दारूही होते. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ चा आबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाचा कायदा करून घरची भट्टी गुन्हा ठरवली, कारण सरकारी दारू खपायला हवी होती. आयर्लंडात पोचीन नावाची अशीच हातभट्टी १६६१ पासून बेकायदा होती; १९९७ मध्ये ती कायदेशीर झाली आणि २००८ मध्ये तिला युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्ये मिळालं. मोहाची दारू मात्र समीक्षेच्या कक्षेत येण्याआधी गुन्ह्याच्या कक्षेत गेली. फेणी पिणाऱ्याला रसिक म्हणतात आणि मोहाची पिणाऱ्याला दारुडा. हा भेद जिभेनं केलेला नाही. मोहाला मानांकन द्या अशी मागणी मी करत नाही, त्या बायकांना विचारल्याशिवाय ती करण्याचा मला अधिकार नाही. पण शहरातल्या हॉटेलात आयरिश बियरसाठी आठशे रुपये मोजणाऱ्यानं मोहाच्या वासाला नाक मुरडावं, हे मला अभिरुचीचं लक्षण वाटत नाही.

एम.एस.वाल्या गृहस्थांना थोडक्यात: ओ’हाराज अर्धा ग्लास, जेवणानंतर, मित्रांसोबत, आणि परीक्षेच्या आठवड्यात नाही. गिनेस एकदा, फेसासाठी. फादर मॅथ्यूंचा पुतळा फुकट आहे.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील दोन येथे देत आहोत.)

प्रश्न : सर, बिनमद्याची जर जवळपास तशीच लागते, तर दुसरी कायले पाहिजे?

उत्तर : याचं सरळ उत्तर कंपन्यांकडे नाही, माझ्याकडे अर्धं आहे. मद्यार्क वास वाहून नेतो, त्यामुळे चव थोडी लांबते. पण लोक त्या लांबलेल्या चवीसाठी पीत असते तर सगळ्यांचा अर्ध्या पेल्यावर भागला असता.

प्रश्न (एक भगिनी) : उद्या आपल्या वॉर्डात मतदान झालं तर तुम्ही उभी म्हणाल का आडवी?

उत्तर : ते मतदान तुमचं असतं, बाई. माझ्या घरातलं मत माझ्या पत्नीचं आहे, आणि तिनं कोणती बाटली निवडावी हे मी तिला सांगणार नाही. तिनं काय ठरवलं आहे ते मला माहीत आहे. दुकानाच्या गल्लीतून रोज सकाळी दूध आणायला तीच जाते.